उलटा हत्ती

मी एक जुना लाकडी हत्ती आहे. बुद्धिबळातला, पांढऱ्या बाजूचा. मंगरूळपीरच्या जमशेद खराद्यांनी मला उरलेल्या सागातून घडवलं, त्यांच्या मुलीसाठी, अर्शियासाठी. माझ्या बुरुजाचे दाते मात्र झिजले आहेत. का, ते सांगतो.

मित्रांनो, ही बापलेक दुकानातच खेळत. मारलेला वजीर हटकून खाली भुशात पडे. अर्शियाचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, की त्याच्या जागी वजीर हवा असे. अब्बा म्हणत, "भुसा कायले उपसतं? हत्ती उलटा ठेव, झाला वजीर!" मग मी डोक्यावर उभा राहून वजिराची कामं करी. मला त्याचा अभिमानही वाटे.

पुढे रिसोडच्या स्पर्धेत शेजारच्या पटावर एकाने असाच हत्ती उलटा ठेवला. पंच म्हणाले, "उलटा असो की सुलटा, हत्ती तो हत्तीच." तो खेळाडू हरला. अर्शिया आपल्या डावात बुडालेली होती. तिने ऐकलं नाही. मी ऐकलं. तेव्हापासून मला भीती वाटते. मला तोंड नाही, तिला सांगणार कसं?

गेल्या हिवाळ्यात वाशीमच्या स्पर्धेतही सोंगट्या घरूनच आणायच्या होत्या, म्हणून मीही गेलो. शेवटचा डाव जिंकला तर अर्शियाचं मानांकन पुरेसं होऊन तिला 'वुमन कॅन्डिडेट मास्टर' हा किताब मिळणार होता.

मी मारला जाऊन पटाबाहेर पडलो होतो. तिचा वजीरही समोरच्या काकांनी मारला होता आणि ते तो मुठीत फिरवत बसले होते. त्यांचं प्यादं वजीर होण्याच्या बेतात होतं. अर्शियाला नवा वजीर मिळाला, तर तो त्या प्याद्याला तिरक्या रेषेतून मारू शकला असता, पण हत्ती तिरका चालत नाही.

अर्शियाचं प्यादं आधी पोचलं. घड्याळात थोडेच सेकंद होते. सवयीने तिने मला उचललं, उलटं केलं. तिची बोटं घामाने ओली होती. मी त्या घराला टेकलो, की संपलं! घर जवळ येत होतं.

तेवढ्यात काकांची मूठ फिरायची थांबली. श्वास रोखून ते माझ्याकडे पाहत होते. अर्शियाने त्यांच्याकडे पाहिलं. मला उलटं ठेवण्यातच काहीतरी चुकतंय, हे तिने ताडलं आणि तिचा हात हवेतच थांबला. मला बाजूला ठेवून तिने घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं.

"सर, मले वजीर पायजे. काकाच्या मुठीत हाय."

पंच हसले, काकांनी मूठ उघडली. तो डाव तिने जिंकला.

घरी हे ऐकून अब्बांनी लाकूड कातायचा खराद बंद केला. "मंजे मीच तुले बुडवलं असतं, बेटा."

"बुडवलं नाही ना, अब्बा! आता भुसा उपसा."

मित्रांनो, कुणी मला उलटं धरलं, की अजून माझा जीव घाबरा होतो. हरवलेला वजीर शोधायला वेळ लागतो. लागू द्या. मला मात्र माझ्या पायावर उभं राहू द्या.