मला जपून ठेवू नका

मी एक जुनी रबरी रिंग आहे. मित्रांनो, सायकलच्या ट्यूबसारखी गोल, हवा भरलेली. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून मला त्याच्या कमरेखाली ठेवत. लोणावळ्याच्या एका लहान इस्पितळात मी १९५४ साली आले. मला रोज पुसून पावडर लावत. "रिंग जपा गं," असे मेट्रनबाई सर्वांना बजावत. त्या कौतुकाची मला आज चीड येते.

मी जखमा टाळत नव्हते, करत होते. माझ्या काठाच्या दाबाने भोवतीचे रक्त अडायचे आणि मधले मांस सुजायचे. हे मलाही ठाऊक नव्हते. ते शोधले नंदाबाई या परिचारिकेने. दोन वर्षे त्यांनी वहीत नोंदी ठेवल्या. माझ्यावर निजलेले वीस रोगी, त्यांतल्या अकरा जणांना जखमा. रिंगेशिवाय, दर दोन तासांनी कूस बदललेले वीस, त्यांतल्या फक्त दोघांना.

मेट्रनबाईंनी वही उघडलीसुद्धा नाही.

"नंदा, पंचवीस वर्षं मी अशा रिंगा वापरते आहे. आता तू मला शिकवणार?"

"मी नाही, बाई. हे चाळीस रोगी शिकवताहेत."

वही माझ्याच कपाटात गेली, माझ्या खालच्या खणात.

पुढे नंदाबाई रजेवर असताना कुरवंडे गावचा सावळा नावाचा माणूस विषमज्वराने आजारी होऊन आला. मला त्याच्याखाली सरकवले. आठव्या दिवशी त्याच्या बायकोने, हिरीने, त्याची पाठ पाहिली.

"बाय, ह्ये चाक काढा की. कातडं काळं पडलंया. मी कुशीवर घेते त्यांस्नी."

"हात लावू नकोस. असल्या तापात हलवलं तर आतडं फुटतं," मेट्रनबाई म्हणाल्या.

"आन ही पाठ फुटलीया, ती दिसंना व्हय तुमास्नी?"

वहीत होते तेच हिरी बोलत होती, आणि तिला अक्षर येत नव्हते. तिला वॉर्डाबाहेर काढले.

ताप उतरला. जखम हाडापर्यंत गेली आणि सावळा त्या जखमेनेच गेला. कागदावर मात्र 'विषमज्वर' असे लिहिले.

नंदाबाई परतल्या. त्यांनी वही काढून रिंगेवरच्या वीस रोग्यांच्या यादीखाली, एकविसाव्या ओळीत सावळाचे नाव लिहिले आणि ती पुन्हा खणात ठेवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळे सांगतात. मी सांगणार नाही. मी अजून इथेच आहे, पावडर लावलेली, आणि खालच्या खणात वहीला वाळवी लागली आहे. तुमच्यापैकी कोणी परिचारिका किंवा डॉक्टर झाले, तर हे कपाट उघडा. आधी वही वाचा. मग कात्री घ्या आणि मला कापा.