सरदाराचा फोटो

कचरू बनसोडे वाळूजच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. मशीन कुरकुरलं की तेल द्यायचं, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातलं दारसुद्धा कधी वाजायची हिंमत करत नसे. रिटायर झाल्यावर मुलानं, आकाशनं, त्यांना एक जुना पण चांगला कॅमेरा आणून दिला आणि कचरूंना पाखरांचं वेड लागलं. शहरातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपबरोबर ते दर रविवारी भटकू लागले.

पाखरं मात्र त्यांना दाद देत नसत. बोट दाबेपर्यंत उडून जायची. घरी आल्यावर केसरबाई फोटो बघायच्या आणि म्हणायच्या, "फांद्या मात्र लई झ्याक येतात तुमच्या."

जानेवारीच्या अखेरीला ग्रुपचं प्रदर्शन ठरलं. प्रत्येकानं पक्ष्याचा एकच फोटो द्यायचा, खाली नाव छापलेलं. ग्रुपच्या चारुता मॅडमकडे दुसऱ्या रविवारी संध्याकाळपर्यंत फोटो पोचायला हवा होता; म्हणजे हातात दोन रविवार होते. आपलं नाव भिंतीवर लागावं, असं कचरूंच्या मनानं घेतलं. पिशोरजवळच्या ओढ्यात, कड्याच्या कपारीला मोठं शिंगाचं घुबड बसतं, असं त्यांनी ऐकलं होतं. फोटो काढायचा तर त्याचाच.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कॅमेरा पुसताना झूमची रिंग कुरकुरली. धूळ गेली असणार. कचरूंनी केसरबाईंच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि फटीत दोन थेंब सोडले. रिंग लोण्यासारखी फिरू लागली. ते खूश झाले.

रविवारी पहाटेच मोटारसायकल काढून, दिवस उगवायला ते पिशोरच्या ओढ्यावर पोचले. काठावरच्या खोपटासमोर एक म्हातारी बैलाला कडबा घालत होती. तिचं नाव मनकर्णाबाई. बैल तिच्याइतकाच थकलेला.

"मावशी, इथं घुबड बसतं म्हणं?"

"बसतं की. पण घुबडाचा फोटो काढायला शहरातून आलात व्हय? आन् हा माझा सरदार तुम्हाला दिसंना?"

"त्याचाबी काढतो."

"आगुदर त्याचा. मंग घुबड दावते."

झालं. मनकर्णाबाई आत गेल्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. सरदाराची शिंगं तेलाच्या फडक्यानं पुसली, गळ्यात घुंगरमाळ घातली. मग त्याच्या मानेवर हात टाकून अशा ताठ उभ्या राहिल्या, जशा कलेक्टरपुढं उभ्या आहेत. कचरूंनी "जरा हसा" म्हटलं तर म्हणाल्या, "फोटोत कोन हसतं?"

चार फोटो झाले. मग त्यांनी कपार दाखवली. तिच्यावर ऊन जेमतेम दहा मिनिटं राहिलं होतं. दोन नारिंगी डोळे कचरूंकडे रोखून बघत होते. घुबड हललंसुद्धा नाही. कचरूंनी बारा फोटो काढले.

निघताना ते म्हणाले, "मावशी, तुमचा फोटो आणून देतो."

"समदे असंच म्हनतात. आजवर पाच जणांनी याचा फोटो नेला. आणून एकानं दिला नाय." त्यांनी सरदाराच्या पाठीवरून हात फिरवला. "एकवीस वर्साचा हाय. मालक गेल्यावर यानंच शेत वडलं माझं. आता तो गेला तर डोळ्याम्होरं काय ठिवू?"

"मी सहावा नाय," कचरू म्हणाले.

घरी आकाशच्या संगणकावर फोटो उघडले. घुबड दुधात बुडालं होतं. सरदारही दुधात, मनकर्णाबाईही. एकही फोटो धड नव्हता.

"धुकं होतं का हो तिथं?" केसरबाईंनी विचारलं.

"लख्ख ऊन होतं."

केसरबाईंनी लेन्स दिव्यासमोर धरली, वास घेतला आणि ती हळूच खाली ठेवली. "माझी कुपी घेतली व्हती का तुम्ही?"

गुलमंडीवर कॅमेरे दुरुस्त करणारे चाचा हसून हसून खुर्चीत मागे रेलले. "मियाँ, इसमें तेल डाले? लेथ मशीन है क्या ये?" तेल उन्हानं पातळ होऊन आतल्या काचेवर पसरलं होतं. सगळी लेन्स खोलावी लागली. ती हातात आली शनिवारी.

म्हणजे राहिला एकच रविवार. या वेळी केसरबाईही मागे बसल्या, "तुमच्यावर नजर ठिवायला."

ओढ्यावर पोचले तर सरदार खाली बसला होता. मान जमिनीला टेकलेली.

"परवापासून असाच हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सकाळचं ऊन अंगावर आलं की घटकाभर उभा राहतो. तेवढाच."

कचरूंनी झाला प्रकार सांगितला. तेलाचंही सांगितलं, मान खाली घालून. तेवढ्यात समोरच्या कपारीवर ऊन पडलं. घुबड जाग्यावर होतं. अर्धा तास, मग ऊन सरकणार, आणि सावलीतलं ते घुबड म्हणजे दगडावर ठेवलेला दगड.

"बसलेल्याचा काढू का मावशी?"

"नगं. माझा सरदार बसलेला कुनी बघू नाय."

कचरूंनी एकदा कपारीकडे पाहिलं. ओढा उतरून पलीकडे जायला, नेम धरायला, परत यायला किती वेळ लागेल याचा हिशेब त्यांच्या मनात आपसूक झाला. मग ते सरदारासमोर उकिडवे बसले आणि तिथून उठले नाहीत.

केसरबाईंनी फडक्यातली भाकरी सोडली, गूळ कुस्करला आणि सरदाराच्या नाकासमोर धरला. "ऊठ रे बाबा. हे मानूस बत्तीस वर्सं वेळेवर कामाला गेलंय, त्याचा खाडा करू नगंस."

बराच वेळ गेला. कपारीवरचं ऊन निम्मं सरलं. मग सरदारानं भाकरी हुंगली, पुढचे गुडघे टेकले आणि थरथरत उभा राहिला. मनकर्णाबाई धावल्या, पदर सारखा केला, मानेवर हात टाकला. कचरूंनी रिंग फिरवली. ती कुरकुरली. त्यांनी तिला कुरकुरू दिलं.

कॅमेरा खाली घेईपर्यंत कपार काळी पडली होती.

संध्याकाळी चारुता मॅडमचा फोन आला. "काका, घुबड मिळालं का?"

"नाय मॅडम. बैल मिळाला."

"अहो, बैल कसा लावू पक्ष्यांत?"

"लावू नका. त्याची भिंत वेगळी हाय."

पुढच्या आठवड्यात काचेची चौकट घेऊन दोघं पुन्हा पिशोरला गेले. सरदार उभा नव्हता, पण मान वर होती. मनकर्णाबाईंनी चौकट दोन्ही हातांत धरून खूप वेळ पाहिली.

"डावा कान पडलाय याचा," त्या म्हणाल्या. बोट मात्र काचेवरून त्या कानावर फिरत राहिलं.

मग त्या सरदाराजवळ बसल्या आणि चौकट त्याच्यापुढं धरली. "बघ, कोन हाय?" सरदारानं हुंगलं आणि खरखरीत जिभेनं सगळी काच चाटून काढली. आतला बैल पुन्हा दुधात बुडाला.

मनकर्णाबाईंनी पदरानं काच पुसली, उन्हात धरून बघितली आणि कचरूंना म्हणाल्या, "याला तरी तेल लावलं नाय ना?"

केसरबाई इतक्या हसल्या की कपारीवरचं घुबड उडून गेलं. कॅमेरा पिशवीतच होता.