रडण्यास मनाई

ताईच्या घरात रडण्यास मनाई होती. तसा फलक कोणी लावला नव्हता. पण येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी दारातच गाठत, चेहरा नीट करायला लावत आणि मगच बायकोच्या खोलीत सोडत. ताईच्या स्तनातला कर्करोग मणक्यात आणि यकृतात पोहोचला होता. उदास चेहरे त्याला पुढची वाट करून देतील, अशी भाऊजींची ठाम समजूत होती.

ही समजूत निव्वळ अडाणी असती, तर धाकट्या बहिणीने हसण्यावारी नेली असती. पण ती अर्धी खरी होती, आणि तो खरा अर्धा भाग धाकटीच्याच प्रयोगशाळेतून आला होता. पेशीला शेजारणीचा हात धरून ठेवायला लावणारे जनुक पुष्कळदा मोडलेले नसतेच; त्यावर रासायनिक खुणा चिकटतात आणि ते गप्प होते. मग पेशी हात सोडते, रक्तात उतरते आणि परक्या अवयवात बिऱ्हाड थाटते. या खुणा पुसता येतील का, हे शोधण्यात धाकटीची उमेदीची वर्षे गेली होती. तिच्या विभागप्रमुखांना मात्र इतका धीर नव्हता. टाळ्यांची चटक लागलेल्या त्या विद्वानाने भर सभेत सांगून टाकले की जनुके म्हणजे दिव्यांची बटणे, आणि प्रसन्न मन हे ती दाबणारे बोट. भाऊजी पहिल्या रांगेत बसले होते. अज्ञानाने जेवढी माणसे छळली नसतील तेवढी उपमांनी छळली, असे धाकटीचे मत तेव्हापासून झाले होते.

आजही ती चपला काढत होती तोच भाऊजी आडवे आले.

"मेहुणीबाई, हा चेहरा चालणार नाही. शोकसभेला आल्यासारखा."

"जन्मापासून असाच आहे."

"मग विनोद आत जाऊन करा. तिला हसू दे." त्यांचा आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. तिच्या कानावर गेलं, तर गाठ माझ्याशी आहे."

आत टेबलावरच्या मोबाइलमधून कोणी नकलाकार खिदळत होता. ताई उशांना टेकून डोळे मिटून पडली होती.

"बंद कर गं त्याला. स्वतःच्याच विनोदावर हसतो मेला." मग डोळे उघडून तिने विचारले, "खरं सांगशील? हे अंघोळीला गेले की मी रोज रडून घेते. म्हणून पसरलं का?"

धाकटीच्या जिभेवर उंदरांवरचे प्रयोग आले, ताणाची संप्रेरके आली, त्यांच्यापुढची प्रश्नचिन्हे आली. जन्मभर तिने 'कदाचित' या शब्दाची राखण केली होती.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या रडण्याने काही झालेलं नाही."

"आणि हसून बरी होणार होते का?"

"नाही."

"म्हणजे इतके महिने उगाच दात काढले. मग पोरीला बोलाव. रोज येते, एक चुटका सांगते आणि पळते. तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तिच्या बापासाठी आम्ही दोघी नाटक करतोय. मला तिच्याशी नीट बोलून जायचंय."

भाची आली ती नेहमीप्रमाणेच. "आई, एक गंमत ऐक."

"नको. इथे बस. मावशीने रडायची परवानगी दिलीय."

मुलीने मावशीकडे पाहिले. "आईला त्रास नाही ना होणार?"

"नाही होणार."

पुढच्या क्षणी मुलीचे डोके आईच्या कुशीत होते. धाकटी बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतले.

बाहेर भाऊजी रसाचा पेला घेऊन उभे होते. आतला हुंदका त्यांनी ऐकला होता. "काय केलंत हे?"

धाकटीचा संताप धारदार वाक्यांनिशी सज्ज होता: बटणांवर, बोटांवर, पहिल्या रांगेवर. पण त्यांतले एकच, सगळ्यांत साधे वाक्य बाहेर पडले. "भाऊजी, तिचा आजार रडण्याने वाढत नाही. हसण्याने कमीही होत नाही."

"हसण्यानेही नाही?"

"नाही."

ते दाराकडे निघाले होते, ते थांबले. "मग उद्या सकाळी उठून मी काय करायचं?"

आतून ताईचा संथ, सलग आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. भाऊजी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले, आणि ती त्यांच्या शेजारी बसली.