देठ कापणाऱ्या चाकूची कहाणी

मित्रांनो, मी अळंब्या कापायचा एक जुना चाकू आहे. माझ्या पात्यामुळे एक जीव गेला, हे आधीच सांगून टाकतो.

पोलंडच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात लोहाराने मला मोडक्या विळ्यातून घडवले. त्याच गावच्या झेनोनने मला चाळीस वर्षे वापरले. जंगलातून येणारा प्रत्येकजण अळंब्यांची टोपली तपासायला आधी त्याच्यापुढे ठेवायचा, इतका त्याचा शब्द मोठा. त्याचा नियम एकच होता, अळंबीची टोपी आपली आणि देठ जंगलाचा. मुळासकट उपटले तर पुढच्या वर्षी काही उगवत नाही, असे तो छातीठोकपणे सांगे.

ऑगस्टअखेरीस त्याची लेक लुत्सिना शहरातून आली. ओकच्या झाडाखाली एक हिरवट अळंबी दिसली, तशी ती उपटायला वाकली.

"हात काढ. रानडुक्कर आहेस का उकरायला?"

"बाबा, मुळाशी काय आहे ते बघते. ही कबुतरीच ना?"

"मग काय पोपट आहे? चाळीस वर्षं हेच करतोय मी. काप वरून."

ती हसली आणि तिने मला टोपीखाली लावले. कबुतरी ही खायची अळंबी, तिचा देठ खडूसारखा कटकन मोडतो. हा मोडला नाही, चिवटपणे चिरत गेला. मला कळले होते, मित्रांनो. पण चाकूला कुठले तोंड?

घरी लुत्सिनाने ती अळंबी लोण्यात परतली, वर साय घातली. झेनोनची दाढ दुखत होती, म्हणून तो नुसते सूप प्यायला. लुत्सिनाने सगळी अळंबी खाल्ली, तवाही पावाने पुसून घेतला.

दुसऱ्या पहाटे उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या आणि तिने चहा मागितला. "पोट बिघडलं होतं, दुसरं काय," झेनोन शेजाऱ्यांना सांगत सुटला. पाचव्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा तिला इस्पितळात नेले. आठव्या दिवशी ती गेली.

तिला पुरल्यावर झेनोन मला घेऊन त्या ओकखाली आला. त्याने माझ्याच टोकाने माती उकरली. देठ कुजला होता, पण त्याच्या बुडाशी पांढरी पिशवी तशीच होती. विषारी अळंबीची ती खूण गावातले पोरसुद्धा ओळखते.

"बघू द्यायला हवं होतं," तो म्हणाला. मग मला तिथेच टाकून तो घरी गेला. त्यानंतर कुणाचीच टोपली त्याने तपासली नाही.

मी इथे गंजतो आहे आणि मला उचलायला कुणी येऊ नये, असेच वाटते. मित्रांनो, खात्री नसेल ती अळंबी खाऊ नका. आणि तुमच्यापेक्षा लहान कुणी मातीत हात घालून बघायला वाकले, तर हसू नका, त्याला बघू द्या. लुत्सिनाची बोटे त्या पिशवीपासून चार अंगुळांवर होती.