अकरा नंबरचे वय

मित्रांनो, मी एक जुने मेमरी कार्ड आहे, आणि खरे सांगायचे तर आता दमलो आहे. आगपेटीएवढा माझा जीव. अंगाचा करडा रंग उडालेला, एक कोपरा चावलेला, पाठीवर चिकटपट्टीचा डाग. व्हिडिओ गेम खेळणारा माणूस उठून जेवायला जातो तेव्हा त्याचा खेळ जिथे थांबला तिथून पुढे राखून ठेवायचा, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते. दुसऱ्याची आठवण सांभाळणाऱ्याला मात्र विसरायची सोय नसते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझ्या पोटात पंधरा खण आहेत. पहिली काही वर्षे मी इटलीत बारी गावातल्या एका घरात काढली. तिथल्या पोरांनी माझ्यात मोटारींच्या शर्यती भरल्या, पुसल्या, पुन्हा भरल्या. पोरे मोठी झाली तशी मी आणि माझे मशीन एका खोक्यात गेलो. ते खोके टोनिन नावाच्या गवंड्याने उचलले आणि समुद्र ओलांडून अल्बानियात, आपल्या श्कोद्रा गावी आणले. गल्लीतल्या पाश्क न्हाव्याला ते भेट दिले. दुकानात खोळंबलेल्या गिऱ्हाइकांचा वेळ जावा, एवढाच त्यामागचा हेतू.

पण खोळंबायला गिऱ्हाईक हवे ना! त्या वर्षांत गल्लीतली तरणी पोरे एकामागून एक ग्रीसला नाहीतर इटलीला जात होती. सकाळी खुर्ची पुसायची, वस्तऱ्याला धार लावायची आणि सायकलींच्या घंटा ऐकत बसायचे, असे पाश्कचे दिवस चालले होते. "डोकीच उरली नाहीत रे गावात," तो आरशाला सांगायचा.

मशीनसोबत फुटबॉलचा एक खेळ आला होता. त्यात खेळाडूंची नावे, उंची, वय आणि केस बदलता येतात, हे पाश्कला एका दुपारी कळले. त्या दिवसापासून त्याला जणू धंदा परत मिळाला. गल्लीचा जुना संघ त्याने एकेक अक्षर निवडून माझ्यात भरायला घेतला. सोळा पोरे. सगळ्यांच्या डोक्यावरून त्याचा हात फिरलेला. कुणाचा भोवरा कुठे, कुणाचे केस कपाळावर उभे राहतात, हे तो बोटांनी आठवायचा आणि पडद्यावरच्या नमुन्यांवर चिडायचा.

"या मशीनच्या न्हाव्याला वीस कट येतात फक्त! आणि त्यातले सात बायकी!"

तरी त्याने संघ उभा केला. माझे पाच खण त्यात गेले. ऑगस्टमध्ये पोरे सुट्टीवर घरी आली की आधी आईला भेटत आणि मग पाश्ककडे स्वतःला बघायला येत.

"काका, माझं नाक असं कुठंय?" रोक म्हणायचा. तो मिलानला बेकरीत होता.

"नाक मशीनचं, केस माझे. तक्रार केसांची असेल तर बोल."

ते माझे मानाचे दिवस होते. पाश्क मला फडक्याने पुसायचा आणि कात्रीच्या शेजारी ठेवायचा.

या संघात डाव्या बाजूला अकरा नंबर घालून लिन खेळायचा. लिन प्रेनाकाकूंचा एकुलता एक मुलगा. एकोणिसाव्या वर्षी तो इटलीला जायला व्लोराच्या किनाऱ्यावरून रबरी होडीत बसला, आणि त्यानंतर ना पत्र, ना फोन. होडी पोचली असे कुणी म्हणे, नाही पोचली असेही कुणी म्हणे. प्रेनाकाकूंना विचारायची हिंमत कुणाला नव्हती. त्या दर रविवारी चर्चमधून परतताना दुकानात येत. दुकान बंद असे, पण पाश्क त्यांच्यासाठी दार उघडायचा. नवऱ्याचा तो जिवलग मित्र, म्हणून तो त्यांना वहिनी म्हणे. तो खेळ लावायचा आणि त्या फक्त अकरा नंबरकडे बघत बसायच्या. गोल कुणाचा, सामना कुणाशी, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते.

"आज पळाला का रे बरा?"

"पळाला की, वहिनी. बघा ना. पण मशीन म्हणतंय दमलाय. बाहेर बसवू का घटकाभर?"

"नको रे बाबा. घामानं भिजलाय, बसला की थंडी धरेल."

पाश्कने लिनला चार वर्षांत एकदाही बाहेर काढले नाही. दर रविवारी मी ते पळणे माझ्या पोटातून काढून देत असे. मित्रांनो, त्या अर्ध्या तासाचे ओझे मला बाकीच्या आठवड्यापेक्षा जड वाटायचे. कारण तो मुलगा साऱ्या जगात एवढ्या एकाच जागी पळत होता.

हे टोनिनच्या लक्षात आले होते. एका ऑगस्टमध्ये तो म्हणाला, "काका, या सगळ्याची एक कॉपी करून ठेव. मशीनला दोन खाचा आहेत. दुसरं कार्ड घातलं की मिनिटभराचं काम. हे गेलं तर काय करशील?"

"जाईल कुठं? पाय आहेत का त्याला?" पाश्क म्हणाला. "आणि एका डोक्याला दोन न्हावी लावू नयेत, टोनिन. कान जातो."

"पुढल्या वर्षी मीच आणतो दुसरं. तू काय ऐकायचा नाहीस."

आणि त्याने शब्द पाळला. पुढच्या ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी टोनिन दुकानात शिरला तो हातात एक छोटे पुडके घेऊन. चमकीचा कागद, वर लाल फीत. आत काय आहे ते टोनिनला ठाऊक, पाश्कला ठाऊक आणि मला तर वासावरून कळलेले. माझे भावंड होते ते.

पण पाहुण्यासमोर भेट उघडायची नसते. पाहुण्यापेक्षा पुडक्याकडे लक्ष, असा त्याचा अर्थ होतो. पाश्कने "कशाला रे त्रास घेतलास" म्हणत ते आरशावरच्या फळीवर ठेवले आणि कॉफीचे भांडे चुलीवर चढवले. टोनिननेही "उघड" म्हटले नाही. आपल्याच भेटीची घाई करणारा माणूस हलका ठरतो. कॉफी झाली, सोबत राकी नावाच्या गावठी दारूचा पेला झाला. टोनिन उठायच्या आत रोक आला. पुन्हा कॉफी. मग आणखी तिघे. दुकानातून पाहुणा हलेना आणि फळीवरचे पुडके उघडेना. माझ्या शेजारची खाच उघडीच राहिली. मिनिटभराचे काम शिष्टाचारापायी चार तास तसेच पडून राहिले.

बरे, नुसते बसले असते तरी चालले असते. पण रोकने दाढी राखली होती आणि ती संघात हवी होती. मग दुसऱ्याला टक्कल कमी करून हवे होते.

"काका, एवढं नाही हो गेलं माझं!"

"आरसा मागं आहे. वळून बघ आणि मग बोल."

हसत, चिडवत पाश्कने सगळ्यांना नवे केले. त्या काळात श्कोद्रात लाईट वेळापत्रकाने जायची. त्या दिवशी दोनला जाणार होती. पावणेदोन वाजता पाश्कने राखून ठेवायचे बटण दाबले. पंधरा मिनिटे हातात होती, त्याची काही चूक म्हणता येणार नाही. पण गल्लीतल्या घराघरात परतलेली पोरे होती आणि प्रत्येक आईने विजेची भट्टी लावली होती. कुठे कोकरू भाजत होते, कुठे मिरच्या, आणि सगळीकडे पंखे. एवढा भार तारांना पेलवला नाही.

मी लिहीत होतो. जुन्याच्या जागी नवे लिहायचे तर आधी जुने पुसावे लागते, ही आमची रीत. अर्धे पुसले होते, अर्धे लिहायचे होते, आणि लाईट गेली.

ती सहाला परत आली. पाश्कने मशीन लावले. पडद्यावर एकच ओळ आली: ही फाईल खराब झाली आहे.

मग पाश्कने मला खाचेतून उपसून काढले. "मेलं! ऐन वेळी दगा दिलास!" असे म्हणून त्याने मला बोथट वस्तऱ्यांच्या खणात फेकले. मित्रांनो, मला फेकल्याचे वाईट वाटले नाही. पण दगा दिलास म्हणाला, ते मला फार लागले.

पाहुणे गेल्यावर त्याने पुडके उघडले. दुसऱ्या दिवशीचा रविवार त्याने कसाबसा टाळला. तब्येत बरी नाही, असा निरोप प्रेनाकाकूंना धाडला आणि आठवडाभर नव्या कार्डात संघ पुन्हा भरला. जी पोरे आली होती ती आरशासमोर खुर्चीत बसली. जी आली नव्हती त्यांच्या घरून लग्नातले फोटो आले. पंधरा जण झाले. अकरा नंबर तेवढा रिकामा राहिला. लिनचा फोटो प्रेनाकाकूंच्याच भिंतीवर, आणि तो मागायला जाणार कोण?

"काळे केस दे, अकरा नंबर दे, झालं," रोक म्हणाला. "काकूंना कुठं एवढं दिसतंय आता?"

"आई आहे ती," पाश्क म्हणाला. "आणि मला आठवतच नाही रे. रोज मशीनमधला लिन बघून बघून खरा लिन माझ्या बोटांतून गेला. मशीन सांभाळतंय म्हणून मी सांभाळायचं सोडलं. आता डोळे मिटले तरी तो वीस कटांतलाच एक कट दिसतो."

मी अंधाऱ्या खणात पडून हे ऐकत होतो. इतकी वर्षे मी स्वतःला त्या मुलाचा राखणदार समजत होतो. माझ्यामुळे कुणी त्याला विसरत असेल, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

पुढचा रविवार काही टळला नाही. प्रेनाकाकू आल्या, खुर्चीत बसल्या, पाश्कने कॉफी पुढे ठेवली आणि खेळ लावला. त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"लिन कुठंय?"

"वहिनी..." पाश्कने खेळ थांबवला. "वहिनी, लिन गेला. माझ्या हातून गेला. लाईट गेली, त्यात सगळंच पुसलं. बाकीचे पुन्हा केले. तो मला जमेना. दुसरं कार्ड इथंच फळीवर होतं, वहिनी. मी उघडलं नाही."

कॉफी निवत गेली. बाहेरून सायकल गेली तिची घंटा ऐकू आली.

"पाश्कभाऊ, एक बोलू?" प्रेनाकाकू म्हणाल्या. "तू रागावशील म्हणून इतके दिवस बोलले नाही. तू त्याला एकोणीसचाच ठेवला होतास. रोकला दाढी आली, टोनिनचं पोट सुटलं, आणि माझा आपला पोरसवदाच. मी बघायचे आणि मनात नको ते यायचं. जी माणसं वाढत नाहीत ती कोण असतात, सांग बरं?"

पाश्कने पडद्यावर अकरा नंबरची रिकामी जागा उघडली.

"आता करतोच आहेस तर सत्तावीसचा कर. त्याच्या बापाचे केस त्या वयात कपाळावरनं मागं सरले होते. तू चिडवायचास त्यांना, आठवतंय?"

"आठवतंय," पाश्क म्हणाला. आणि मित्राचे डोके मात्र त्याच्या बोटांना खरोखरच आठवत होते. त्याने वयाच्या चौकटीत सत्तावीस घातले. कपाळ थोडे मोठे केले. कानशिलावरचे केस आखूड केले, उन्हात काम करणारे ठेवतात तसे. बराच वेळ गेला. मग अकरा नंबर मैदानात उतरला.

प्रेनाकाकू पुढे झुकल्या. "हां. आता बरा दिसतोय. दमलाय जरा. कामावरनं आल्यासारखा." त्यांनी हातरुमालाने डोळे टिपले आणि लगेच म्हणाल्या, "आता याची दुसरी प्रत कर. आत्ता. कॉफी नंतर."

"दुसरं कार्ड कुठंय? ते जुनं खराब आहे."

"लाईट गेली त्यात त्याचा काय दोष? आण इकडं."

असा मी वस्तऱ्यांतून बाहेर आलो. पाश्कने मला पुसले, माझ्यातली मोडकी फाईल काढली आणि नव्या कार्डातून सोळाच्या सोळा माझ्यात उतरवले. मिनिटही लागले नाही. तेव्हापासून भावंड दुकानात असते आणि मी प्रेनाकाकूंच्या पेटीत, लिनच्या शाळेच्या दाखल्यावर, एका रुमालात. त्यांच्या घरी मशीन नाही. वर्षभर मी कुणाच्या कामाचा नसतो. म्हातारपणी मला तेच बरे वाटते.

मित्रांनो, तुमचे जे काही मोलाचे असेल त्याच्या दोन प्रती करा आणि त्या दोन घरांत ठेवा. एकीवर लिहीत असाल तेव्हा दुसरीला हात लावू नका. पुडके फळीवर ठेवून कॉफी पीत बसू नका. पाहुणा आपलाच असतो, तो समजून घेतो. आणि आमच्यावर सगळे सोपवून तुम्ही स्वतः विसरू नका. आम्ही प्लास्टिकचे आहोत, आम्ही किती दिवस पुरणार?

दर ऑगस्टला प्रेनाकाकू मला रुमालासकट दुकानात नेतात. आधी भावंडाची पाळी, ते नीट झाले की माझी. लिन आता तेहतीसचा आहे. कानशिलावर थोडे पांढरे आले आहे. वयाचा आकडा एकाने वाढवला की मशीन दर वेळी तोच प्रश्न विचारते: जुने पुसून त्यावर नवे लिहायचे का? पाश्कचा अंगठा अजूनही बटणावर थबकतो.

"दाब," प्रेनाकाकू म्हणतात. "मोठा होऊ दे त्याला."