मागच्या खोलीतलं ऊन

फोरमन ओल्या गवतावर पालथा पडला होता. कोपरं भिजली होती, चष्मा कपाळावर सरकवलेला होता आणि कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर पात्याच्या टोकाला दवाचा एक थेंब डुगडुगत होता. त्याने श्वास रोखला. तेवढ्यात मागे कुणाचे तरी बूट वाजले.

“काका, पडलात का?”

थेंब घरंगळला.

“नाही. फोटो काढतोय.”

फिरायला निघालेल्या त्या माणसाने गवताकडे पाहिलं, मग फोरमनच्या चिखलाने माखलेल्या स्वेटरकडे.

“कशाचा?”

आणि उत्तराची वाट न बघता तो पुढे निघून गेला.

कारखान्यातल्या लेथ विभागात त्याची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाला तरी गल्लीत फोरमन हेच नाव राहिलं. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी वर्गणी काढून त्याला कॅमेरा दिला होता. कधीतरी जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला होता म्हणे, की आपल्याला फोटो काढायला आवडलं असतं. त्याला स्वतःला ते आठवत नव्हतं. पण कॅमेरा घरी आला आणि रिकाम्या हातांना धरायला काहीतरी मिळालं. पावसाळा बरा गेला. थंडी सुरू झाली तशी त्याची पंचाईत झाली. बाजाराजवळच्या स्टुडिओत दर शनिवारी हौशी लोक जमत, त्यांचं प्रदर्शन भरणार होतं. विषय होता हिवाळा. प्रत्येकाने एकच फोटो द्यायचा. फोरमन रोज अंधारात घराबाहेर पडू लागला.

“निवृत्त झालात की नुसती पाळी बदलली?” बायको पांघरुणातूनच विचारायची.

त्या शनिवारी त्याने आपले फोटो स्टुडिओवाल्या बाईंसमोर ठेवले. धुक्यातलं झाड. धुक्यातला पूल. धुक्यातली सायकल. आणि थेंब निसटून गेलेलं गवताचं पातं.

बाई वयाने त्याच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी फोटो पुढेमागे केले.

“काका, चूक काहीच नाही यात.”

“म्हणजे बरोबरही काही नाही.”

बाई हसल्या. त्यांनी बाकीच्यांचे फोटो पुढे सरकवले. त्यांतही झाडं होती, पूल होता, आणि सगळ्यांवर तेच धुकं होतं.

“थंडी पडली की सगळे बाहेर पळतात,” त्या म्हणाल्या. “ऊन मात्र या दिवसांत घरात शिरतं. एरवी डोक्यावर असतं, आता खालून, तिरपं येतं. कधी घरात बसून बघा.”

घरात बसून काय बघायचं, हे त्याला कळलं नाही. घर त्याचंच होतं, बघून झालेलं.

दोन दिवसांत गवताने आपलं काम केलं. सर्दी छातीत उतरली, अंगात ताप भरला आणि रात्रभर खोकल्याची ढास लागली. पहाटे बायकोने त्याची उशी काखोटीला मारली.

“मागच्या खोलीत चला. तुमच्या खोकल्याने भिंती हलायला लागल्यात.”

मागच्या खोलीत त्याच्या आईची लोखंडी कॉट होती. कमरेचं हाड मोडल्यापासून शेवटपर्यंत, दोन वर्षं, आई तिच्यावरच होती. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. आता कॉटवर गाद्या आणि जुनी पांघरुणं रचलेली असत. बायकोने ती उतरवली, चादर घातली. औषध घेऊन फोरमनला गाढ झोप लागली.

जाग आली ती डोळ्यांवर उजेड आल्याने. क्षणभर आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना. ही खोली त्याला दिव्याच्या पिवळट उजेडात माहीत होती. रोज संध्याकाळी कामावरून आला की इथे आईजवळ दहा मिनिटं बसायचं, जेवलीस का विचारायचं, गोळ्या बघायच्या. आता खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवर लांबच लांब पसरलं होतं. इतकं सपाट, की जमिनीवरच्या प्रत्येक कणाला स्वतःची सावली होती. चपलांच्या सावल्या दारापर्यंत गेल्या होत्या.

आणि जमिनीवर रेघा होत्या.

तो कुशीवर वळला. जुना सिमेंटचा कोबा, त्यावर बारीक, अर्धगोल ओरखडे. एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. कॉटच्या पायांपासून निघून उन्हाकडे गेलेले. तो खाली उतरला, उकिडवा बसला आणि एका रेघेवरून नख फिरवलं. लोखंडाने उठलेली रेघ होती. एकदा उठलेली नव्हे, तिथूनच पुन्हा पुन्हा गेलेली. तो बाजूला सरकला, उन्हाच्या आड आला, तशी रेघ दिसेनाशी झाली. पुन्हा मागे झाला, पुन्हा उमटली.

त्याने कॅमेरा आणला. जमिनीला गाल टेकवून दोन-तीन फोटो काढले. मग हाक मारली.

“अगं, जरा येतेस का?”

ती ओले हात पुसत आली. नवरा तापात जमिनीवर आडवा झालेला पाहून तिच्या कपाळावर आठी पडली.

“इथेही पडलात?”

“या रेघा कसल्या?”

“कसल्या म्हणजे? कॉटच्या.”

“कॉट तर आपण कधी हलवली नाही.”

“तुम्ही नाही हलवलीत.”

तो उठून बसला. ती दाराला टेकून उभी राहिली. सांगावं की नाही असा विचार करत असावी.

“आईंना उन्हात घ्यायचे मी,” ती म्हणाली. “थंडीत पाय आखडायचे ना त्यांचे. स्वयंपाक उरकला की एकदा डोक्याकडून ओढायची, एकदा पायाकडून. ऊन गेलं की पुन्हा भिंतीशी.”

“रोज?”

“दोन्ही हिवाळे. सुट्टीच्या दिवशी मात्र नाही. आईच म्हणायच्या, राहू दे आज, खरखर होते, तो झोपलाय.”

फोरमनने रेघांकडे पाहिलं. एकट्या माणसाचं काम आहे, हे रेघांवरून आता त्याच्या लक्षात आलं. दोघांनी उचलली असती तर ओरखडा उठला नसता. एकट्याने सरळ ओढली असती तर रेघ सरळ आली असती. ही कॉट एका टोकाने फिरवून, मग दुसऱ्या टोकाने फिरवून, वीत वीत पुढे नेलेली होती.

“मला कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं त्यात? दिवसभरात अशी शंभर कामं असतात. तुम्ही मला तुमच्या मशीनचं रोज सांगत होतात का?”

मग त्याने बोट दाखवलं.

“पण हे बघ. ऊन इथे संपतं. रेघा आणखी हातभर पुढे गेल्यात.”

“तो आईंचा हट्ट,” ती म्हणाली, आणि आता ती आत येऊन कॉटच्या कडेला टेकली. “ऊन पायांवर राहायचं, तोंड सावलीत जायचं, तरी आपलं ‘अजून थोडं गं, अजून थोडं.’ एकदा वैतागून म्हटलं, आई, मी काय हमाल आहे का? तर हसल्या. म्हणाल्या, इथून मला तू दिसतेस.”

“कुठून?”

“तेच ना. स्वयंपाकघर त्या अंगाला, मध्ये अख्खी भिंत. मी म्हटलं, वय झालंय, होतं असं. तेव्हापासून वाद घातला नाही. म्हणतील तिथपर्यंत ओढायची.”

हात साडीला पुसून ती उठली.

“आणि तुम्ही आधी कॉटवर जा. या गार जमिनीवर पडून आणखी आजारी पडाल.”

ताप उतरला तरी फोरमन सकाळी बाहेर पडेना. अंधारात उठून बसायचा, पण स्वेटर घालून मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर. ऊन यायची वाट बघायचा. त्याने त्या जमिनीचे कितीतरी फोटो काढले. एकात बायकोचं पाऊल आलं. ती केर काढता काढता मध्ये आली होती. त्याने तोच प्रदर्शनाला दिला. फोटोपुढे लोक थांबत. कुणी म्हणे आटलेली नदी, कुणी म्हणे वाळूवरच्या लाटा. एका गृहस्थांनी पावलाकडे बोट दाखवून विचारलं, हे मुद्दाम ठेवलंय का? फोरमनने “हो” एवढंच म्हटलं. बायको प्रदर्शनाला आली नाही.

“माझीच टाच बघायला मी कशाला येऊ?” ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी तिची कंबर धरली. दर हिवाळ्यात धरायची. डॉक्टरांनी मागे एकदा विचारलं होतं, काही जड उचललं होतं का. तेव्हा ती नाही म्हणाली होती आणि शेजारी बसलेल्या फोरमननेही मान हलवून नाही म्हटलं होतं. त्या सकाळी तिला ओट्याशी वाकलेली पाहून त्याने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

“चल. मागे उन्हात पड जरा.”

“कामं कोण करणार?”

“मी आहे ना.”

“तेच तर म्हणते.”

पण ती गेली. कॉटवर पडली. ऊन अजून कॉटपासून लांब होतं. फोरमनने बाह्या सारल्या आणि डोक्याकडचा लोखंडी दांडा धरला.

“अहो, मला उठू तरी द्या! आई केवढ्याशा होत्या!”

“पडून राहा. हलू नकोस.”

आधी डोक्याकडून, मग पायाकडून. खरखर आवाज झाला. तिसऱ्या खेपेला त्याला धाप लागली, पण तो थांबला नाही. उन्हाकडे त्याचं लक्षच नव्हतं. खाली बघून तो कॉटचे पाय रेघांवर बसवत होता, एखादा भाग खुणेवर बसवावा तसे. रेघा संपल्या तिथे त्याने कॉट सोडली.

“पुढे आली,” ती म्हणाली. “तोंडावर ऊनच नाही.”

“पायांवर आहे ना? चहा आणतो.”

तो गेला. ती पडून राहिली. तळव्यांना ऊब लागत होती. खिडकीचं एक तावदान आतल्या बाजूला उघडून भिंतीशी टेकलेलं होतं. तिची नजर सहज त्या काचेवर गेली.

काचेत दार होतं. दारापलीकडची बोळकांडी होती. आणि तिच्याही पलीकडे, लहानसं पण स्पष्ट, स्वयंपाकघर होतं. ओटा, मांडणी, गॅसची निळी ज्योत. ओट्याशी पाठमोरा उभा राहून फोरमन डबे उघडून बघत होता. त्याने मीठ उघडलं, बंद केलं. साखर सापडली. एक चमचा, दोन चमचे.

“अहो,” ती म्हणाली, “तिसरा नको.”

काचेतला माणूस चमचा हातात धरून थबकला. त्याने मागे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग तो बोळकांडीतून येऊन खोलीत डोकावला.

“तुला काय माहीत?”

तिचं तोंड खिडकीकडे होतं.

“कुठून दिसलं तुला?”

“चहा बघा,” ती म्हणाली. “उतू जाईल.”

तो लगबगीने परत गेला. काचेत पुन्हा ओट्याशी आला, वाकून गॅस बारीक केला, फडक्याने सांडलेलं पुसलं. मान जराशी जरी हलवली तरी ते सगळं काचेतून निसटत होतं. ती मान न हलवता पडून राहिली.