दोन लाद्या

जमुनाबाईला बर्फाबद्दल कोणी काही शिकवायची गरज नव्हती. साकोलीच्या बाजारात तिनं बावीस वर्षं मासळी विकली होती, आणि मासळी विकणं म्हणजे निम्मं काम बर्फ राखायचंच. लादी पोत्यात गुंडाळायची, पोतं धानाच्या कोंड्यात पुरायचं, फोडायची ती लागेल तेवढीच. माल लांब जायचा असला तर बर्फावर मूठभर मीठ. हे सगळं हातच करायचे. डोकं तेवढा वेळ गिऱ्हाइकाशी भांडायला मोकळं.

मे महिन्यातल्या त्या दिवशी बाजारासाठी आणलेल्या दोन लाद्या घरात कोंड्याखाली होत्या, आणि पहाटे पाचला तिचा नवरा बुधराम वारला. तलावावर जायला उठला, खाटेवर बसला, "जमुने, पाणी दे वो," म्हणाला आणि पाणी यायच्या आत आडवा झाला. आयुष्यात कोणतीच गोष्ट त्या माणसानं घाईनं केली नव्हती. ही एवढीच केली.

ज्योत्सना, त्यांची एकुलती एक पोरगी, हैदराबादेत औषधांच्या कंपनीत तपासणीच्या कामाला होती. चौदा महिने तिला रजा मिळाली नव्हती. दर रविवारी बुधराम विचारायचा, "पोरगी कवा येते?" आणि जमुनाबाई सांगायची, "येते ना, येऊनच राहिली." फोनवर ज्योत्सना रडली नाही. एवढंच म्हणाली, "माय, मले बाबाचं तोंड पाहू दे. संध्याकाळपर्यंत पोचतो मी."

"ये," जमुनाबाई म्हणाली. "ठेवीन."

बुधरामचा धाकटा भाऊ धनीराम तिरडीचे बांबू तोडून दारात उभा होता. "वैनी, या उन्हात माणूस संध्याकाळपर्यंत राहते का? पोरगा असता तं थांबलो असतो."

"पोरीले डोळे नसतात काय, भाऊजी?"

धनीरामनं बांबू खाली टेकवले. पण शेजारच्या देवकाबाईनं पदराआडून म्हटलंच, "पोरीसाठी एवढं! बापा बापा."

साकोलीत मयतासाठी थंड पेटी मिळायची. पण पेटीला वीज लागते, आणि परवाच्या वादळानं विजेचे खांब आडवे केले होते. बर्फाचा कारखानाही त्यामुळंच बंद. राहिल्या त्या दोन लाद्या.

जमुनाबाईनं हिशेब केला. हा हिशेब ज्योत्सनाकडून आलेला होता. दहावीत असताना तिनं शाळेतून तापमापी मागून आणली होती आणि मासळीच्या डब्यातल्या बर्फात खुपसून ठेवली होती. "माय, पाहा. एवढं ऊन हाय, पण पारा शून्यावरच. सगळा बर्फ वितळेपर्यंत हालत नाही. उष्णता आत जाऊन राहिली, पण दिसत नाही. पुस्तकात तिले अप्रकट उष्मा म्हणतात."

जाळं विणता विणता बुधराम म्हणाला होता, "हे तं तुझ्या मायचंच झालं. बोलली नाही का समजून जायचं, आत काही सुरू हाय."

मग पोरीनं बर्फात मीठ टाकून दाखवलं. पारा शून्याच्याही खाली गेला. "थंड जास्त होते, पण बर्फ लवकर सरते."

"सरू दे," जमुनाबाई म्हणाली होती. "नागपूर तीन तासांचं तं हाय."

आता तिला तीन तास नको होते, दिवस हवा होता. पहिली लादी दुपारी दोनपर्यंत, दुसरी दोनला फोडायची, ती सूर्य बुडेपर्यंत. तिनं पहिली फोडली, तुकडे पोत्यात भरले, बुधरामच्या दोन्ही बाजूंना, छातीवर, डोक्याशी लावले आणि वर कोंड्यानं भरलेली पोती अंथरली. बाया येत होत्या, गळ्यात पडून रडत होत्या. जमुनाबाई रडली नाही. कोणी मिठी मारली की तिच्या खांद्यावरून ती पोत्यांकडेच बघत होती.

साडेदहाच्या सुमारास देवकाबाई मिठी सोडून बाजूला झाली, तेव्हा जमुनाबाईच्या हातात मिठाचा डबा होता. रिकामा.

डबा कधी घेतला, मीठ कधी टाकलं, तिला आठवेना. हातांनी बावीस वर्षांचं काम केलं होतं. ती खाली बसली, नखांनी मीठ खरवडू लागली. पण तोवर तुकड्यांना भोकं पडली होती आणि खारट पाणी जमिनीवरून वाहत होतं.

दुसरी लादी साडेअकरालाच फोडावी लागली. चार वाजता पोत्यांत नुसतं पाणी.

धनीराम आला. या वेळी त्याचा आवाज मऊ होता. "वैनी, आता उचलू. तुम्ही केलं तेवढं केलं."

 जमुनाबाईची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. माठ उन्हाळाभर गार राहतो, कारण तो पाझरतो आणि पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. हेही पोरीनंच सांगितलं होतं. तिनं लुगडं माठात बुडवलं, पिळलं, नवऱ्यावर पांघरलं, आणि सूप घेऊन वारा घालायला बसली. लुगडं वाळलं की पुन्हा पाणी, पुन्हा वारा. हात भरून आले. तेव्हा समोर दुसरं सूप हलायला लागलं. देवकाबाई होती.

"तुह्या हाताले काय झालं, जमुना? धर नीट. बाजारात तं मोठी जोरात तराजू धरते."

मग आणखी दोन बाया आल्या. उफणायला काहीच नसताना चार सुपं उफणत राहिली.

सव्वासहाला ऑटो थांबला. ज्योत्सना पाठीवरच्या बॅगसकट आत आली. जमुनाबाईनं लुगड्याचं टोक धरलं, पण उचललं नाही. दुपारपासून तो चेहरा खोल गेला होता, ओठ काळे पडले होते, आणि दिवसभर पाहून पाहून तिला आता तो ओळखूच येईना.

"पाहा वो," ती म्हणाली. "तुहे बाबाच हायेत ना? मले समजून नाही राहिलं."

तिनं टोक उचललं.

ज्योत्सना गुडघ्यावर बसली. बुधरामच्या भुवयांवर पांढरे कण वाळले होते, उन्हात तलावावरून येताना घामाचे असायचे तसे. तिनं अंगठ्यानं एक पुसला आणि आईकडे पाहिलं.

"मीठ टाकलं?"

"हात चुकला, बाई."

किती तास त्या मिठापायी गेले, हे त्या घरात दोघींनाच कळत होतं. ज्योत्सना पुन्हा बापाकडे वळली आणि त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"बाबाच हायेत, माय," ती म्हणाली. "काही बदलले नाही."

पोरीला खोटं बोलणं कधीच जमलं नव्हतं. आजही नीट जमलं नाही. पण ऐकणारीला तेवढं पुरलं.

जमुनाबाईनं सूप खाली ठेवलं. 'न्या आता,' असं तिला धनीरामला सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि शब्दांऐवजी हंबरडा निघाला तेव्हा समोरच्या बायांची सुपं जिथल्या तिथं थांबली.

दारात धनीराम बांबू घेऊन उभा होता. सूर्य टेकला होता. त्यानं बांबू भिंतीला लावला आणि उंबऱ्यावर बसून राहिला.